आजारी माणसाचं करणाऱ्यांची उसंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या माणसाचं दीर्घ आजारपण, अपंगत्व किंवा म्हातारपण सांभाळणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येत राहतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. क्रमानंच वाचायला हवं असं नाही. ज्या प्रश्नाशी अडला असाल तिथून सुरू करा. इथलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या वरचढ नाही.

१. उसंत म्हणजे नेमकं काय धरायचं? औषधं आणायला बाहेर पडते तेव्हा तासभर मिळतोच की.

तो तास उसंतीत धरू नका. औषधं आणणं, रिपोर्ट घेणं, बँकेचं काम उरकणं ही आजारपणाचीच कामं आहेत, फक्त घराबाहेरची. खरी उसंत ओळखायला मी तीन गोष्टी बघते. त्या वेळात घरची पूर्ण जबाबदारी दुसऱ्या कुणी घेतली आहे का? ती व्यक्ती किती वाजेपर्यंत थांबणार हे आधी ठरलंय का? आणि त्या वेळाचं काय करायचं हे तुम्ही स्वतः ठरवलंय का? यातली एक जरी गोष्ट नसेल तरी पाय बाहेर आणि कान घरात अशी अवस्था होते.

कामाच्या थकव्यातून माणूस कसा सावरतो यावर झाबिने झोननटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये चार अनुभव मांडले: कामापासून मनानं सुटणं, अंग आणि मन सैल पडणं, काहीतरी नवं जमल्याचा आनंद, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा. त्यांचा अभ्यास नोकरदारांबद्दलचा होता. पण घरी आजारपण काढणाऱ्याला विचारलं, तर यातलं पहिलं आणि शेवटचं हेच सगळ्यात दुर्मीळ असल्याचं तो सांगेल. म्हणून सुट्टी आखताना कुठे जायचं याच्या आधी या दोन गोष्टींची सोय करायची.

२. मला खरंच गरज आहे, की मी उगाच बाऊ करतोय, हे कसं कळायचं?

हा प्रश्न मनात येणं हीच एक खूण आहे. बाकीच्या खुणा अशा: झोप झाली तरी उठताना अंग जड असतं, लहानसहान गोष्टीवर आवाज चढतो, स्वतःच्या दातदुखीची किंवा तपासणीची तारीख सारखी पुढे जाते, चौकशीला फोन करणाऱ्याचाही राग येतो, आणि औषधांच्या वेळा चुकायला लागतात. शेवटची खूण गंभीर, कारण तिथे तुमचा थकवा रुग्णापर्यंत पोचलेला असतो.

मोजून बघायचं असेल तर स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये तयार केलेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या रूढ आवृत्तीत २२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. आकडा जितका मोठा तितका भार जास्त. डॉक्टर किंवा समुपदेशकांकडे ती मागता येते. तीन-चार महिन्यांनी पुन्हा भरली की आपण कुठल्या दिशेला चाललोय ते कळतं, आणि एका वेळच्या आकड्यापेक्षा हे कळणं जास्त उपयोगाचं आहे.

हा भार फक्त मनाचा नसतो. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक छोटा पण लक्षात राहणारा प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाचं करणाऱ्या १३ स्त्रिया आणि साधारण त्याच वयाच्या, तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या. सगळ्यांच्या त्वचेवर सारखीच बारीक जखम केली. पहिल्या गटाची जखम भरायला सरासरी सुमारे ९ दिवस जास्त लागले. तुमच्या अंगावरचं दुखणं लवकर बरं होत नसेल, तर त्यामागे हेही कारण असू शकतं.

३. त्यांना तशा अवस्थेत सोडून मी मजा करायला जायचं? माझा पाय निघत नाही.

पाय न निघणं हे मायेचंच लक्षण आहे, ते दाबून टाकायची गरज नाही. पण एका गोष्टीचा शांतपणे विचार करा. उद्या तुम्हालाच ताप भरला किंवा पाय मोडला, तर रात्रीची गोळी कुठली, कूस कशी बदलायची, ठसका लागला तर काय करायचं, हे घरात अजून कुणाला माहीत आहे? उत्तर ‘कुणालाच नाही’ असेल, तर तुमचा रुग्ण एकाच माणसाच्या तब्येतीवर टांगलेला आहे. ठरवून घेतलेली सुट्टी ही त्या दिवसाची तालीम असते. तुम्ही धडधाकट असताना, फोनवर हजर असताना दुसरं कुणीतरी शिकतं. माझ्या मते उसंत घेण्याचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे, आणि ते सर्वस्वी रुग्णाच्या हिताचं आहे.

दुसरा आधार रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांच्या १९९९ च्या अभ्यासाचा. ६६ ते ९६ वर्षांच्या, जोडीदाराबरोबर राहणाऱ्या लोकांकडे त्यांनी चार वर्षं लक्ष ठेवलं. जोडीदाराचं करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्या मृत्यूचा धोका, जोडीदाराचं करावं लागत नव्हतं अशांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाला. जे करत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढीव धोका दिसला नाही. म्हणजे सेवा जीव घेत नाही, सुटका नसलेला ताण घेतो.

अपराधी वाटणं पहिल्या खेपेला जातच नाही. वाटू दे. ते वाटत असतानाच बाहेर पडायचं, ते संपायची वाट बघत बसायचं नाही.

४. किती दिवसांची सुट्टी घ्यावी? वर्षातून एकदा आठ दिवस पुरतात का?

पुरत नाहीत. नोकरदारांच्या सुट्ट्यांवरचे अभ्यास सांगतात की सुट्टीनं आलेला तजेला कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो. घरी चोवीस तासांची जबाबदारी वाट बघत असेल, तर त्याहून वेगळं होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. आठ दिवस मिळत असतील तर जरूर घ्या, पण भिस्त दर आठवड्याच्या ठरलेल्या वेळेवर ठेवा.

झॅरिट यांच्याच गटानं १९९८ मध्ये दिवसभराच्या देखभाल केंद्रांचा अभ्यास मांडला. आठवड्यातून निदान दोन दिवस, असं सलग तीन महिने रुग्णाला केंद्रात पाठवणाऱ्या कुटुंबीयांमध्ये दडपण आणि उदासी कमी आढळली. एखाद्या दिवशी पाठवून ‘काही फरक पडला नाही’ म्हणत सोडून देणारे पुष्कळ असतात. फरक नियमितपणानं पडतो.

माझी शिफारस विचाराल तर आठवड्यात एक सलग अर्धा दिवस, महिन्यात एक पूर्ण दिवस, आणि जमेल तेव्हा काही रात्रींची गाढ झोप. रात्री उठावं लागणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा: आधी रात्रीची झोप, मग बाकी सगळं.

५. अर्धा दिवस? मला तर पंधरा मिनिटंही मिळत नाहीत.

मग पंधरा मिनिटांपासूनच सुरुवात. रुग्ण झोपलेला असताना घर आवरायला धावू नका. दुसऱ्या खोलीत किंवा दारात बसा, फोन बाजूला ठेवा. याला मी सुट्टी म्हणणार नाही, प्रश्न १ मधल्या अटी ते पुऱ्या करत नाही. पण दम घ्यायला ते उपयोगी आहे, आणि त्या पंधरा मिनिटांत प्रश्न ६ मधला एक फोन होऊ शकतो. पंधरा मिनिटंही खरोखरच मिळत नसतील, रुग्णाला क्षणभर एकटं ठेवता येत नसेल, तर हे काम एका माणसाचं राहिलेलं नाही. ही गोष्ट डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. ‘मी दमले’ यापेक्षा ‘चोवीस तासांत मी सलग दोन तासही झोपत नाही’ हे वाक्य डॉक्टर वेगळ्या गांभीर्यानं ऐकतात.

६. मदत मागितली की सगळे ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात आणि गायब होतात. कुणाला आणि कसं विचारायचं?

‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरंच काय करायचं ते कळत नसतं, आणि आजारपणाची भीतीही वाटत असते. म्हणून मागणी इतकी ठरावीक करा की उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल: ‘शनिवारी चार ते सात बाबांजवळ बसशील का? औषध द्यायचं नाही, उठवायचं नाही. फक्त बसायचं, आणि काही वाटलं तर मला फोन करायचा.’ पहिल्या वेळी सोपं काम द्या. अंगाला हात लावायची वेळ आली की पुष्कळ जण मागे सरतात. गप्पा मारायला आनंदानं येतात. गप्पांपासून सुरू झालेला माणूस तीन महिन्यांत जेवणही भरवायला लागतो, हे मी वारंवार पाहिलंय.

सख्ख्या भावंडांचा प्रश्न निराळा. तिथे जुनी उणीदुणी निघतात. आजारपणाच्या पहिल्या दिवसापासूनचा हिशेब मांडायला बसलात तर सुट्टी राहील बाजूला आणि भांडण होईल. कामांची यादी समोर ठेवा आणि ‘यातलं तू काय घेतोस?’ एवढंच विचारा. येणं शक्य नसेल त्यानं मदतनिसाचा खर्च उचलावा, डॉक्टरांशी बोलणं आणि कागदपत्रं सांभाळावीत. ही कामंही मोजायची.

नकार आलाच तर तो नकार म्हणून घ्या आणि पुढच्या नावाकडे वळा. एकाच माणसाकडून अपेक्षा धरून बसण्यात महिने जातात.

७. आमची आई दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाही, आंघोळ करून घेत नाही. मग मी जाऊ कशी?

एकदम जाऊ नका. आधी दोघांनी मिळून करा. नवी व्यक्ती चार-पाच वेळा नुसती समोर असू दे. मग तुम्ही करा आणि तिनं हातभार लावावा. मग तिनं करावं आणि तुम्ही त्याच खोलीत थांबा. मग शेजारच्या खोलीत. मग तासभर बाहेर. घाईनं केलेला बदल फसला की आईचा नकार पक्का होतो आणि तुमचा धीर खचतो.

नकारामागे बऱ्याचदा लाज असते. आंघोळ आणि शौच परक्याकडून नको वाटणं अगदी साहजिक आहे. तेव्हा सुट्टीची वेळ त्या कामांच्या मध्ये बसवता येते का ते बघा: आंघोळ तुमच्या हातून, दुपार दुसऱ्याची. काही वेळा रुग्ण तुम्ही असेपर्यंतच हटून बसतो आणि तुम्ही दाराआड गेलात की निमूट जेवतो. हे बघून वाईट वाटून घेऊ नका. हट्ट तो आपल्या माणसाजवळच करतो.

नवी व्यक्ती करेल ते तुमच्यासारखं होणार नाही. वेणी वेगळी पडेल, उशी वेगळी लागेल. सुरक्षिततेला धक्का लागत नसेल तिथे बोलू नका. दर वेळी दुरुस्ती सुचवणाऱ्याच्या घरी मदतीला येणारं माणूस टिकत नाही.

८. मागे थांबणाऱ्याला काय काय सांगून जायचं? दर वेळी काहीतरी राहतंच.

तोंडी सांगू नका, वही करा. माझ्या अनुभवात सुट्टी चांगली जाते की वाया, हे नव्वद टक्के याच वहीवर ठरतं. एकदा नीट लिहिली की पुढे फक्त तारीख आणि बदललेल्या गोळ्या तेवढ्या दुरुस्त करायच्या.

पहिल्या पानावर रुग्णाचं नाव, वय, आजार, कशाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा नंबर, रुग्णवाहिकेचा नंबर, जवळचं रुग्णालय, आणि तुम्ही न मिळाल्यास निर्णय कोण घेणार त्याचं नाव. घरचा पत्ताही लिहा. घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता सांगताना तोच आठवत नाही.

दुसऱ्या पानावर औषधं. गोळीचं नाव, किती, कधी, जेवणाआधी की नंतर, आणि एक वेळ चुकली तर काय करायचं. हे शेवटचं बहुतेक वह्यांत नसतं. पार्किन्सनच्या लेव्होडोपा या औषधाची वेळ अर्धा-पाऊण तास हुकली तरी हातपाय आखडू शकतात. फिट्सची गोळी चुकली तर फिट येऊ शकते. इन्सुलिन घेणारा माणूस जेवलाच नाही, तर डोस द्यायचा का आणि किती, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ठळक लिहा: पडून डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालयात न्यायचं. गोळ्या दिवस आणि वेळेप्रमाणे खणांच्या डबीत भरून जा.

तिसरं पान शरीराचं. गिळायला त्रास असेल तर काय पातळ, काय दाट, घास केवढा, आणि जेवताना ताठ बसवून नंतरही साधारण अर्धा तास आडवं करायचं नाही, हे लिहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती तासांनी बदलायची ते डॉक्टर किंवा नर्सनं ठरवून दिलं असेल तसं लिहा, आणि माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे रोज बघायला सांगा. लाल डाग बोटानं दाबल्यावर फिका पडत नसेल तर बेडसोर (पडून राहून दाबानं होणारी जखम) सुरू होतोय असं समजायचं. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे जांभळट छटा, कडकपणा किंवा गरमपणा शोधायचा. उचलायचं कसं, व्हीलचेअरचा ब्रेक कुठे, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी मूत्राशयापेक्षा खाली ठेवायची, हे लिहिण्यापेक्षा एकदा करून दाखवा आणि त्यांच्याकडून करवून घ्या.

आणि एक ओळ सगळ्यांत वर: ‘आज माणूस अचानक वेगळाच वाटला, म्हणजे नेहमीपेक्षा गोंधळलेला, जास्त झोपाळू किंवा जास्त चिडलेला, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.’ वयस्कर माणसात काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत असा बदल झाला, तर त्यामागे संसर्ग, लघवी तुंबणं, नव्या औषधाचा परिणाम असं काहीही असू शकतं. त्याला वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नये.

शेवटचं पान मात्र आजाराचं नको. माणसाला काय आवडतं, कशानं हसतो, कुठला विषय काढायचा नाही, दुपारी कुठल्या कुशीवर झोप लागते ते लिहा. मागे थांबणाऱ्याचे पाच तास कसे जातात ते याच पानावर अवलंबून असतं.

९. मदतनीस घरी बोलवावा की रुग्णाला थोडे दिवस केंद्रात ठेवावं?

रुग्ण जागा बदलली की गोंधळतो का, यावर पहिला निर्णय करा. स्मृतिभ्रंश असलेल्यांना, नुकतेच रुग्णालयातून आलेल्यांना घर सोडणं फार जड जातं. त्यांच्यासाठी शक्य तोवर घरीच सोय बघा. रात्री दोन माणसं लागत असतील, नळीनं अन्न किंवा ऑक्सिजन चालू असेल, तर प्रशिक्षित कर्मचारी असलेलं केंद्र अधिक सुरक्षित ठरू शकतं.

केंद्र बघायला ठरवलेल्या वेळेला एकदा आणि न सांगता एकदा जा, शक्यतो जेवणाच्या वेळी. भरवणारे बसून भरवताहेत की उभ्यानं उरकताहेत, हाक मारल्यावर कुणी यायला किती वेळ लागतो, रात्री किती लोकांमागे किती कर्मचारी, तातडीच्या वेळी कुठे नेतात, हे विचारा. पहिला मुक्काम एका रात्रीचाच ठेवा. त्यांची रोजची चादर, घड्याळ, चष्मा, कानाचं यंत्र सोबत द्या आणि वस्तूंवर नाव घाला. चष्मा आणि यंत्र हरवलं की गोंधळ दुपटीनं वाढतो.

१०. बाबांना स्मृतिभ्रंश आहे. मी जाणार हे सांगून जाऊ की न सांगता?

सांगून. पण फार आधी नको. आठवडाभर आधी सांगितलं तर तारीख विसरली जाते आणि नुसती धास्ती उरते. निघायच्या थोडं आधी, छोट्या वाक्यांत, नेहमीच्या आवाजात सांगा: मी बाहेर जातोय, अमुक इथे आहे, मी संध्याकाळी येतो. तेच ठळक अक्षरांत फळ्यावर लिहा, म्हणजे दर दहा मिनिटांनी विचारल्यावर मागे थांबलेला माणूस फळा दाखवू शकेल. डोळा चुकवून निघून गेलात तर एकदा निभतं, पण नंतर ते तुमच्यावर सतत नजर ठेवायला लागतात.

ते वारंवार ‘कुठे गेला?’ विचारत राहिले तर दर वेळी खुलासा करण्यापेक्षा विषय वळवणं बरं. आजार पुढे सरकलेला असेल तेव्हा अचूक तपशिलापेक्षा धीर देणं महत्त्वाचं, असं मी मानते. काही जण याला खोटेपणा म्हणतात. पण घाबरलेल्या माणसाला तीच घबराट रोज नव्यानं द्यावी, हे मला पटत नाही.

संध्याकाळी अस्वस्थता वाढत असेल तर सुट्टी सकाळी घ्या आणि दिवेलागणीच्या आत परत या. दार उघडून निघून जायची सवय असेल तर ते वहीत पहिल्या पानावर जाऊ द्या, सोबत अलीकडचा फोटोही.

११. बाहेर गेल्यावर किती वेळा फोन करावा?

आधी ठरवा आणि तेवढाच करा. अर्ध्या दिवसासाठी एकदाही नको. काही झालं तर ते करतील, हा ठराव. मुक्कामाला गेलात तर रोज एकदा, ठरलेल्या वेळी, मागे थांबलेल्या व्यक्तीला. रुग्णाशी बोलायचं की नाही ते रुग्णावर आहे: आवाज ऐकून काहींना धीर येतो, काहींना आठवण येऊन रडू येतं. तुमचा फोन मात्र नेहमी चालू आणि चार्ज केलेला हवा. तेवढी एक खात्री असली की मागचा माणूसही निर्धास्त राहतो.

१२. दोन दिवस मिळाले आणि मी नुसती झोपले, रडले. सुट्टी फुकट गेली का?

नाही. साचलेली झोप आधी वसूल होते आणि अडवून ठेवलेलं रडू मोकळीक मिळाली की येतं. पहिल्या एक-दोन सुट्ट्या अशाच जातात.

पण पुढेही प्रत्येक वेळी ‘वेळ कसा गेला कळलंच नाही’ असं होत असेल, तर आखणी हवी. डेल लुंड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात, मिळालेला मोकळा वेळ आपण जसा घालवला त्याबद्दल जवळजवळ निम्मे लोक असमाधानी होते. बहुतेकांचं होतं असं की मोकळा वेळ मिळाला की तुंबलेली कामं अंगावर येतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी एका ओळीत लिहा: या वेळात मला काय हवंय? झोप, माणसं, एकांत, की आजारपणाआधी मी जे करायचे त्यातलं काही? एकच निवडा. मैत्रिणीशी बोलायला गेला असाल तर एक तास आजाराचा विषय काढायचा नाही असं दोघींनी ठरवून बघा. अवघड जातं, पण आपल्याकडे बोलायला दुसरं काही उरलंय हे त्यातून कळतं.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत टिकली, कशातच रस वाटेना, झोप-भूक बिघडली तर हा सुट्टीनं सुटणारा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा.

१३. परत आले की पहिल्याच दिवशी सगळा ताण परत येतो. शिवाय सासूबाई रुसून बसतात.

परतायची वेळ अशी ठेवा की मागे थांबलेला माणूस अजून तास-दोन तास तिथे असेल. दारातून आत आल्या आल्या डायपर बदलायला लागलात तर सुट्टीचा फायदा तिथेच संपतो. तो वेळ वही वाचायला, काय घडलं ते ऐकायला, आंघोळ करायला वापरा. पसारा दिसला तरी आधी आभार माना, दुरुस्त्या दुसऱ्या दिवशी.

रुसवा दोन-तीन दिवसांत निवळतो. त्याची भरपाई म्हणून ‘आता परत नाही हो जाणार’ असं कबूल करू नका. पुढची तारीख त्याच आठवड्यात ठरवून टाका.

१४. मी नोकरीही करते. ऑफिसात असते तेव्हा घरापासून सुटकाच असते ना?

काहींना ऑफिसात खरंच बरं वाटतं, आणि त्यासाठी नोकरी टिकवण्यासारखी आहे. पण ते दुसरं काम आहे, विश्रांती नाही. तुमच्या आठवड्यात घर आणि ऑफिस या दोन्हींखेरीज एखादा तिसरा वेळ आहे का, एवढंच बघा. वरिष्ठांना घरची परिस्थिती मोघम सांगून ठेवलेली बरी. तातडीनं निघावं लागलं तर सगळा खुलासा तेव्हाच करावा लागत नाही.

१५. आमच्या मुलाला बहुविकलांगता आहे. त्याचं आम्हालाच आयुष्यभर करायचंय. तुमचे सल्ले म्हाताऱ्यांसाठी वाटतात.

तुमची तक्रार रास्त आहे. आजारपण काही वर्षांचं असतं, तुमचा प्रवास दशकांचा आहे. म्हणून तुमच्याकडे उसंत ही सवयीसारखी, मूल लहान असतानाच सुरू व्हायला हवी. दुसऱ्या माणसांजवळ राहायची सवय हे तुमच्या मुलासाठी शिक्षणच आहे, कारण पुढे कधीतरी त्याला तुमच्याशिवाय राहावं लागणार आहे. बदल पेलत नसेल तर चित्रांचं वेळापत्रक करा: आई जाते, मावशी येते, जेवण, खेळ, आई परत येते. तेच माणूस, तोच वार, तीच वेळ ठेवा.

दोन गोष्टी इथे जास्तीच्या. त्याच्या भावंडाला अधूनमधून तुमचा अख्खा वेळ हवा असतो, तेव्हा काही सुट्ट्या त्याच्या नावानं असू द्या. आणि आई-वडिलांनी आळीपाळीनं सुट्टी घेणं सोपं असलं तरी कधीतरी दोघांनी एकत्र बाहेर पडावं. सतत पाळीवर असलेली जोडपी एकमेकांना फक्त निरोप देत राहतात.

१६. मी लांब राहतो. वहिनी सगळं करते. मी काय करू शकतो?

तारीख देऊ शकता. ‘तुम्ही सुट्टी घ्या’ असा सल्ला फोनवर देऊ नका. ‘मी अमुक तारखेला पाच दिवस येतोय, त्यातले तीन दिवस बाबा माझ्याकडे, तुम्ही कुठे जायचं ते ठरवा’ असं सांगा. पहिला दिवस शिकण्यात जाऊ द्या, मग त्यांना निघू द्या. आल्यावर औषधं किंवा डॉक्टर बदलायच्या सूचना देऊ नका. रोज करणाऱ्याला दोन दिवसांच्या पाहुण्याची तपासणी फार लागते. येता येत नसेल तर ठरलेली रक्कम दरमहा न मागता पाठवा, आणि प्रश्न ६ मधली कागदपत्रांची कामं घ्या.

१७. आजार शेवटच्या टप्प्यात आहे. मी बाहेर असताना ते गेले तर?

डॉक्टरांना थेट विचारा: आता दिवसांचा हिशेब आहे, आठवड्यांचा की महिन्यांचा? नेमकं कुणालाच सांगता येत नाही, पण इतपत अंदाज बरेचदा देता येतो. महिन्यांचा असेल तर मुक्कामाची सुट्टीही घ्या. आठवड्यांचा असेल तर काही तासांत परतता येईल इतक्याच अंतरावर जा. दिवसांचा असेल तर लांब जाऊ नका, पण पाळी लावून झोपा, आंघोळ करा, बाहेर चक्कर मारा. उपशामक सेवा (आजार बरा करण्यापेक्षा वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) देणाऱ्या काही केंद्रांत घरच्यांना विसावा मिळावा म्हणून रुग्णाला थोडे दिवस ठेवून घेतात. त्यांच्याकडे चौकशी करा.

निघताना जे बोलायचंय ते बोलून निघा, मग ते अर्ध्या तासासाठी का असेना. रात्रंदिवस उशाशी बसलेल्यांची माणसंही ते खोलीबाहेर गेलेल्या दहा मिनिटांत जातात, असं या क्षेत्रात काम करणारे नेहमी सांगतात. तसं झालं तर तो तुमच्या सेवेतला उणेपणा नव्हे.

१८. एकदा बाहेर पडल्यावर परत यावंसंच वाटलं नाही. कधी हातही उगारावासा वाटतो. हे कुणाला सांगू?

असं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, आणि हे विचारलंत ते फार बरं केलंत. हात उठतोय असं वाटेल त्या क्षणी रुग्णाला सुरक्षित स्थितीत ठेवा, पलंगाचा कठडा लावा, खोलीबाहेर या आणि कुणालाही फोन करून ‘आत्ता ये’ म्हणा. पाच मिनिटं आजूबाजूचं कुणी येऊन बसलं तरी चालेल. हात उठून गेला असेल, किंवा स्वतःला वा त्यांना संपवण्याचे विचार येत असतील, तर आजच्या आज डॉक्टरांशी किंवा संकटकाळात मदत करणाऱ्या हेल्पलाइनशी बोला.

परत यावंसं न वाटणं हे एवढं तातडीचं नसेल, पण त्याकडे काणाडोळा करू नका. दोन-तीन नियमित सुट्ट्यांनंतरही तसंच वाटत राहिलं, तर सुट्टी वाढवून काही होणार नाही; व्यवस्थाच बदलावी लागेल. ज्या माणसानं तुम्हाला आयुष्यभर दुखावलं त्याचंच करायची वेळ आली असेल तर हे विशेष खरं आहे. त्यांची काळजी घेतली जाईल अशी सोय लावून देणं हेही करणंच आहे. प्रत्येक काम तुमच्याच हातून व्हायला हवं असं नाही. अंगाला हात लावायची कामं मदतनिसाकडे, तुमच्याकडे फक्त औषधं आणि डॉक्टर, किंवा कायमचं केंद्र, असे मार्ग समुपदेशकाबरोबर बसून मांडा. घरच्यांना सांगायच्या आधी समुपदेशकाशी बोला, म्हणजे त्यांच्यासमोर बसाल तेव्हा तुमच्या हातात निदान एक पर्याय लिहिलेला असेल.